बदली फुंक

फुंक्याची छाती बघायला एकेकाळी लोक मुद्दाम भट्टीवर यायचे. खोटं नाही सांगत. काचकारखान्यात तेव्हा बाटल्या तोंडानं फुंकायच्या. लांब लोखंडी नळी, एका टोकाला वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा आणि दुसऱ्या टोकाला माणूस. बाकीचे एका बाटलीला दोनदा दम घ्यायचे, हा एका दमात अख्खी बरणी फुगवायचा आणि उरलेल्या हवेत वर शिट्टी मारायचा. म्हणून फुंक्या. सगळं जग त्याला फुंक्या म्हणायचं आणि बायको ‘अहो’ म्हणायची, त्यामुळे त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडात उरलंच नव्हतं.

पण त्या छातीचा खरा उपयोग वेगळाच होता, तो ऐका. वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर भट्टीवाल्यांच्या छात्या तपासायला यायचा. ती धूळ, तो धूर, ती आग... काही वर्षांत माणसाचा भाता फाटायचाच. आणि ज्याचा भाता फाटला त्याला डॉक्टर पॅकिंगला पाठवायचा. म्हणजे दिवसभर बाटल्या गवतात गुंडाळत बसायचं, आणि पगार निम्मा. तपासणी कशी, तर डॉक्टरच्या टेबलावर पाण्याची बरणी, तिच्यातून निघालेली रबरी नळी, ती पडद्यापलीकडे, आणि पडद्यापलीकडे उघडा कामगार. त्यानं फुंकलं की बरणीतलं पाणी वर चढायचं, डॉक्टर लिहून घ्यायचा. डॉक्टरची नजर बरणीवर. पलीकडे कोण उभं आहे त्याच्याशी त्याला काय देणंघेणं?

पलीकडे उभा असायचा फुंक्या. सकाळपासून. ज्याचं नाव पुकारलं तो ‘हजर!’ म्हणून ओरडायचा आणि फुंकायचा हा. ह्याला म्हणायचे बदली फुंक. आणि पठ्ठ्या इतका तयार, की सगळ्यांचं पाणी सारखंच चढलं तर डॉक्टरला वास येईल, म्हणून चिमट्याला जरा कमी, लीडरला जरा जास्त, असं अगदी मापात फुंकायचा. चिमट्या म्हणजे गरम बाटली चिमट्यानं उचलणारा, ह्याचा जिवलग दोस्त. लीडर म्हणजे युनियनचा पुढारी. छाती चिमणीएवढी, पण पुढाऱ्याला कमी दाखवून कसं चालेल!

फक्त एका माणसानं कधी बदली फुंक घेतली नाही. त्याला सगळे सज्जन म्हणायचे. तो म्हणाला, मी खरं ते सांगणार. डॉक्टरपुढे मोकळेपणानं खोकला. दुसऱ्या दिवशी पॅकिंगला. पोरं शाळेतून निघाली, बायको लोकांच्या घरी राबायला लागली, आणि सज्जन एका दुपारी गवताच्या ढिगावर बसल्या बसल्या गेला. त्याच्या मांडीवरची बाटली मात्र फुटली नाही, हे सगळ्यांनी आवर्जून एकमेकांना सांगितलं. भट्टीवाल्यांनी त्यावरून जो धडा घेतला तो कायमचा घेतला. कंपनीपुढे खोकायचं नाही.

पुढे मशिनं आली, तोंडं रिकामी झाली, एकेक करून सगळे रिटायर झाले. पण जाताना एक गोष्ट भक्कम मिळाली होती, ती म्हणजे पेन्शन. ठरलेलं पेन्शन, दर महिन्याला, मरेपर्यंत. आणि आपण गेल्यावर बायकोला निम्मं, ती जाईपर्यंत. बाजार चढो नाहीतर बुडो, ती काळजी कंपनीची. त्यांच्यानंतर लागलेल्या पोरांना असलं काही नाही, हे म्हाताऱ्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे त्यांना पेन्शन जरा जास्तच गोड लागायचं.

तर एका सुट्टीच्या दिवशी फुंक्याची भाची घरी आली. भाची पेन्शनच्याच फंडात, ऑफिसात नोकरीला. आली ती चप्पल काढतानाच म्हणाली, “मामा, तुला खोकला येतो का रे?”

“मला? मी खोकलो तर शेजाऱ्यांची भांडी पडतील फळीवरून!”

“तेच नको,” भाची म्हणाली आणि स्वयंपाकघरात मामीशेजारी जमिनीवरच बसली. मामी मटार सोलत होती. भाचीनं दोन शेंगा उचलल्या, सोलल्या नाहीत, नुसत्या हातात धरल्या, आणि सगळं सांगितलं.

कंपनी विकायला निघाली होती. नव्या मालकाला कारखाना हवा होता, म्हातारे नको होते. म्हणून एक विमा कंपनी सगळ्या पेन्शनरांना एकगठ्ठा घेणार होती. एकदाच किंमत घ्यायची आणि पुढे प्रत्येकाला मरेपर्यंत तेच पेन्शन द्यायचं.

“मग चांगलंच आहे की.”

“ऐक ना! किंमत सांगायच्या आधी ते तुम्हाला तपासणार. जितके जास्त जगाल, तितके तुम्ही महाग.”

“म्हणजे आम्ही मरायला टेकलोय म्हटलं की स्वस्तात घेणार?”

“हो. आणि एकदा घेतलं, की मग शंभर वर्षं जगा. ते त्यांचं नशीब.”

“आणि महाग निघालो तर?”

“तर सौदा मोडला. कंपनीकडे आहे तेवढंच आहे, वर एक दमडी घालणार नाहीत. फंड बंद. प्रत्येकाला निम्मं पेन्शन, आणि मागं राहिलेल्या बायकांना काहीच नाही.”

मामीच्या बोटाखाली शेंग तशीच राहिली. फुंक्या पाणी प्यायला.

“खोटं काहीच बोलायचं नाही, मामा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या छाताडात काही उरलेलं नाही, मला काय माहीत नाही? खोकला आला तर खोकायचं, दम लागला तर लागू द्यायचा. बस. आणि हे मी सांगितलं म्हणून बाहेर गेलं, तर माझी नोकरी गेली.”

“तुला मिळणार का गं असलं पेन्शन?”

“मला? मला एक डबा दिलाय. महिन्याला त्यात टाकायचं आणि म्हातारपणी झाकण उघडून बघायचं, आत काय उरलंय ते.”

फुंक्या हसला. भाची नाही हसली.

दुसऱ्या दिवशी फुंक्यानं काय करावं? गेला तो थेट जुन्या गेटाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं सगळे पत्ते कुटायला जमायचे, आणि भडाभडा सगळं ओकून मोकळा झाला. भाचीचं नाव नाही घेतलं हां. ‘आतली बातमी आहे’ म्हणाला. फंडाच्या आत त्याचं दुसरं कोण होतं, हे शेडच्या कुत्र्यालाही माहीत होतं.

पत्ते खाली पडले. मग लीडर म्हणाला, “म्हणजे जो जास्त आजारी, त्याचं भलं?”

“सगळ्यांचंच भलं.”

“कंपनी करणार? आपलं भलं?” लीडरनं सगळ्यांकडे पाहिलं. “सज्जन विसरलात का रे?”

बस्स. एवढं एक वाक्य. जणू सज्जन स्वतः येऊन कोपऱ्यात बसला.

“सापळा आहे,” एक जण म्हणाला. “कोण लवकर मरणार ते हेरतील आणि त्याचंच आधी कापतील.”

“माझी बायको आंधळी होत चाललीय,” चिमट्या म्हणाला. एवढं म्हणायला त्याला तीनदा थांबावं लागलं, कारण चिमट्याची छाती आता फाटकी पिशवी झाली होती. श्वास आत जाताना शिट्टी, बाहेर येताना शिट्टी. “मी मरणार असं लिहून घेतलं, तर तिचं निम्मं जाईल. फुंक्या... शेवटची एकदा दे लेका. बदली फुंक.”

फुंक्या म्हणाला, “अरे पण पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं.”

“पोरगी आजची. कंपनी आपली जुनी ओळखीची,” लीडर म्हणाला. “का रे, जमत नाही का आता? तसं असेल तर सांग, लाजू नकोस.”

इथं घात झाला बघा. कारण फुंक्याला मनातून भाचीचं पटलं होतं. पण रिटायर झाल्यापासून त्याच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. ‘सरक जरा’ म्हणून सरकवायचं, ‘बाजूला हो’ म्हणायचं, एवढ्यासाठीच लोक त्याच्याशी बोलायचे. आणि आता हे सगळे, घरघरणारे, शिट्ट्या वाजणारे, त्याच्या छातीकडे पाहत होते. तसेच, जसे पूर्वी पाहायचे. त्याची छाती फुगली. सदऱ्याचं बटण ताणलं गेलं, ते चिमट्यानंसुद्धा पाहिलं.

“जमत नाही?” फुंक्या म्हणाला. “तुमच्या नातवंडांच्यासुद्धा फुंका मारून देतो, चला.”

तपासणी बंद पडलेल्या कँटीनमध्ये ठेवली होती. विमा कंपनीकडून एक मुलगी आली होती पांढऱ्या कोटातली, समोर लहानसं मशीन, त्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला पुठ्ठ्याची नळी. लीडर आधीच जाऊन तिला म्हणाला, “बाई, आमची माणसं जुन्या वळणाची, उघड्या अंगानं परक्या मुलीसमोर लाजतात. पडदा हवा.” तिला वाईट वाटलं बिचारीला. म्हणाली, काही हरकत नाही. जुनाच पडदा निघाला, जुन्याच दोरीवर चढला. मुलगी अलीकडे, आकडे उमटताहेत ते बघत. पलीकडे उलट्या क्रेटवर फुंक्या.

पडद्याआडूनच ती एकेकाला प्रश्न विचारायची. “सिगारेट ओढता का?”

“छे!” चिमट्या म्हणाला. कानामागे सिगारेट.

“जिना चढताना दम लागतो?”

“दोन दोन पायऱ्या चढतो.” आणि एवढं बोलून तो भिंतीला टेकला, तोंडावर टोपी दाबून, कारण खोकला आला होता. लीडरनं लगेच बाक जोरात सरकवलं, आवाज झाकायला.

“फुंका आता.”

फुंक्यानं फुंकलं. पलीकडून मुलीचा आवाज आला, “वा!”

ते ‘वा’ ऐकलं आणि म्हातारा बहकला. मापात फुंकायचं, कमीजास्त ठेवायचं, सगळं विसरला. दर फुंकेला आणखी एक ‘वा’ मिळतोय का बघायला लागला. अर्धे झाले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. चिमट्या टोपीनं वारा घालत होता. “थांबू का?” असं फुंक्यानं खुणेनं विचारलं, तेव्हा उरलेल्यांनी हात जोडले. आता थांबून कसं चालेल, ह्याचं झालं आणि माझं नाही? मग फुंकत राहिला. नळी बदल, नाव, हजर, फूऽऽ. नळी बदल, नाव, हजर, फूऽऽ.

जुन्या सवयीनं स्वतःचा नंबर त्यानं शेवटी ठेवला होता. पूर्वीही तो शेवटीच फुंकायचा, आणि ती फुंक सगळ्यांत भारी असायची. ह्या वेळी ओठ नळीला लावले आणि आतून काही आलंच नाही. पुन्हा जोर केला. फुस्स. तोल गेला आणि क्रेट आडवं झालं. मुलीनं पहिल्यांदाच पडदा बाजूला केला. समोर फुंक्या जमिनीवर, ओठ निळे, अंगाला घाम, डोळे वर. बाकी सगळे म्हातारे भिंतीला लागून ताठ उभे, पैलवानासारखे, श्वास रोखून.

“काका, बसून राहा. बोलू नका,” ती म्हणाली. मऊ आवाजात. मग लिहिलं, बराच वेळ लिहिलं. निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “घरी कोण असतं तुमच्याजवळ?”

फुंक्याला वाटलं, पोरगी संस्कारी आहे. संध्याकाळपर्यंत ठणठणीत झाला. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

निकाल त्याच कँटीनमध्ये सांगितला. फंडाचा साहेब आला होता, मऊ बुटांचा, आणि शेजारी भाची, मान खाली.

“आधी आनंदाची गोष्ट,” साहेब म्हणाला. “तुमच्या सगळ्यांच्या तब्येती अपेक्षेपेक्षा फारच उत्तम निघाल्या. विमा कंपनीनं इतके निरोगी पेन्शनर कुठं पाहिलेच नव्हते!”

टाळ्या! अहो, टाळ्या वाजवल्या त्यांनी. चिमट्यानं तर शिट्टी मारायचा प्रयत्न केला. लीडरनं मागं वळून फुंक्याला डोळा मारला.

“त्यामुळे त्यांनी जी किंमत सांगितली,” साहेब त्याच आवाजात पुढं म्हणाला, “ती कंपनीला झेपणारी नाही. सौदा रद्द झालाय. फंड बंद होतोय. पुढच्या महिन्यापासून सर्वांना निम्मं पेन्शन. पश्चात पत्नीला जे मिळायचं, ते दुर्दैवानं राहणार नाही.”

टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही. एकाचे हात तसेच जुळलेले राहिले होते.

“फक्त गंभीर आजारी सभासद असेल तर त्याला नियमाप्रमाणे त्याचं सगळं एकरकमी मिळेल. असा एकच निघाला.” साहेबानं कागद बघून एक नाव पुकारलं. कुणीच उठेना. कोण हा? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फुंक्यासुद्धा बघत होता. मग भाचीनं मान वर केली, थेट त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला आठवलं. ते त्याचंच नाव होतं.

“हजर,” तो म्हणाला. सवयीनं.

आता पुढचं काय सांगू? साहेब गेल्यावर लीडर जवळ आला आणि विचारलं, “भाची ना रे तुझी?”

“अरे, मी तुम्हालाच सांगत होतो ना...”

“सांगितलंस. आम्हाला पटणार नाही हे तुला ठाऊक होतं. आम्हाला पैलवान केलंस आणि स्वतः मेलास.”

“माझी हवा संपली होती रे! तुमच्यासाठी फुंकून फुंकून संपली!”

तेव्हा मात्र सगळे हसले. खोकत खोकत हसले. “फुंक्याची हवा संपली! ऐकलं का? दिवसभर भट्टीपुढे उभं राहून वर शिट्टी मारायचा, त्याची संपली!” त्यांनी आयुष्यभर ज्या छातीवर विश्वास ठेवला, तिच्यात काही कमी पडू शकतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. साहेबानं पेन्शन कापलं ते पचलं असतं त्यांना, पण फुंक्याची हवा संपते, हे नाही पचलं.

बाहेर भाची उभी होती. हा तिच्याकडे धावला. धावला, आणि दम लागला नाही.

“मी साहेबांना सांगतो, ती सगळी माझीच फुंक होती.”

“सांग. मग ती फसवणूक होते. आत्ता निम्मं मिळतंय तेही अडकेल सगळ्यांचं. आणि तुला आधी कुणी सांगितलं, हे विचारतील.” ती त्याच्याकडे बघतही नव्हती. “गप बस, मामा. आयुष्यात एकदा तोंड मिटून बस.”

“मला मिळणारे पैसे तरी...”

“सगळं म्हणजे किती ते समजलंय का तुला? त्यांनी तुझं आयुष्य धरलंय दोन वर्षं. दोन वर्षांचं पेन्शन एकदम देतील. मग काही नाही. मामीलाही नाही.”

घरी त्यानं बायकोला सांगितलं. तिनं ताट वाढलं. फुंक्यानं सवयीप्रमाणे पुसून पुसून खाल्लं आणि आणखी भात मागितला. तेव्हा ती वाढता वाढता थांबली, त्याच्या रुंद छातीकडे, लालबुंद गालांकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, “तुमचं तर काहीच मरत नाही हो. भूकसुद्धा नाही.”

पैसे आले त्या दिवशी तो पाकीट घेऊन शेडकडे गेला. सगळे होते. त्यानं पाकीट चिमट्यापुढे धरलं. “घे. वहिनींच्या डोळ्यांसाठी घे.”

चिमट्यानं पत्ते खाली ठेवले नाहीत. एक श्वास आत घेतला, शिट्टी वाजली, एक बाहेर टाकला, शिट्टी वाजली. मग म्हणाला, “ठेव तुलाच.” पुन्हा शिट्टी. “तुला लागतील.” पुन्हा. “तू खूप जगणार आहेस, फुंक्या. आमच्या वाटचंही तूच जग.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी पत्ते पिसले आणि वाटले. फुंक्याला सोडून वाटले. त्याला हाकललं मात्र नाही कुणी, म्हणून तो बाकाच्या टोकाला बसला, पाकीट मांडीवर घेऊन.

सगळ्यांच्या छात्या वाजत होत्या, घरघर, सूंसूं, शिट्ट्या. एकट्या ह्याच्या छातीचा काही आवाज येत नव्हता. त्यानं खोकून पाहिलं. खोटंच. लीडर पत्त्यांवरून मान न उचलता म्हणाला, “नाही जमत तुला ते.”